दुखणे खांद्याचे, चूक पायांची

गेल्या पावसाळ्यात एक आई आपल्या नववीतल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीचा उजवा खांदा दीड महिन्यापासून दुखत होता. आधी बाम लावून झाला, मग तव्यावर गरम केलेल्या फडक्याने शेकून झाले, मग ओळखीच्या मालिशवाल्याकडून दोन वेळा खांदा चोळून घेतला. वेणी घालायला हात वर नेला की कळ येऊ लागली, तेव्हा कुठे डॉक्टरची आठवण झाली. पडलीस का, जड काही उचललेस का, असे विचारले तर दोन्हीला नकार. शेवटी आईनेच सांगितले, "डॉक्टर, ही शाळेच्या सॉफ्टबॉल संघात कॅचर आहे. सर म्हणतात, हात कच्चा आहे, जोर लाव. पुढच्या आठवड्यात विभागीय सामने आहेत. तेवढ्यापुरते एखादे इंजेक्शन देता येईल का?"

इंजेक्शन दिले नाही. दोन्ही खांद्यांचे एक्स-रे काढले. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी वाढीची पट्टी असते, ती उजवीकडे डाव्यापेक्षा स्पष्टपणे रुंदावलेली दिसली. तीन महिने चेंडू फेकायचा नाही, असे सांगितल्यावर मुलगी रडू लागली. दहावीच्या सवलतीच्या गुणांचा हिशेब तिने केव्हाच मांडून ठेवला होता. तिचे रडणे मला समजत होते. पण मला राग आला तो "जोर लाव" या दोन शब्दांचा. आजचा लेख त्याविषयीच आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सॉफ्टबॉलमध्ये पिचर खांद्याखालून हात फिरवून चेंडू टाकते आणि फलंदाजाच्या मागे उकिडवी बसलेली कॅचर तो झेलते. पिचरच्या हातून चेंडू सुटला की बेसवरची धावक पुढचा बेस चोरायला पळू शकते. तिला बाद करायचे तर कॅचरने बसल्या जागेवरून उठून चेंडू थेट दुसऱ्या बेसवर पोचवायचा. दोन बेसमधले अंतर ६० फूट म्हणजे १८.२९ मीटर. होम प्लेटपासून दुसरा बेस तिरक्या रेषेत येतो, म्हणून हे अंतर जवळजवळ २६ मीटर भरते. नावात सॉफ्ट असले तरी चेंडू मऊ नसतो. नेहमीच्या सॉफ्टबॉलचे वजन १७८ ते १९८ ग्रॅम आणि घेर सुमारे ३० सेंटीमीटर. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि साडेबावीस सेंटीमीटर घेराचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या तळहाताला हा चेंडू किती मोठा पडतो याची कल्पना येईल.

आता जरा हिशेब करू. हवेचा अडथळा सोडून दिला तर ताशी ६५ किलोमीटर वेगाने फेकलेला चेंडू हे २६ मीटर अंतर सुमारे १.४ सेकंदांत कापतो. खांद्याचे पाणी करून तोच वेग ताशी ७२ पर्यंत नेला तर लागतात १.३ सेकंद. म्हणजे एवढा आटापिटा करून वाचला सेकंदाचा जेमतेम सातवा भाग. ग्लोव्हमध्ये चेंडू चाचपडण्यात आणि एक पाऊल उगाच जास्त टाकण्यात याहून अधिक वेळ सहज जातो. धावक सुटते ती बहुतेक वेळा तिथेच. हात कच्चा नसतो, पाय आणि हातांची अदलाबदल कच्ची असते. पण पाय शिकवायला महिने लागतात आणि "जोर लाव" म्हणायला एक क्षण पुरतो.

फेकण्याची ताकद मुळात येते कुठून? कैऱ्या पाडणाऱ्या पोराकडे पाहा. ते कधी ताठ उभे राहून नुसत्या हाताने दगड मारत नाही. एक पाय पुढे टाकते, कंबर फिरवते, मग छाती वळते आणि सर्वांत शेवटी हात सुटतो. जमिनीकडून पायात, पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात असा तो जोर चढत येतो. खांद्याने आणि कोपराने तो फक्त पुढे द्यायचा असतो. कॅचर उकिडवी बसलेली असल्याने तिचे पाय या साखळीतून आपोआप गळतात. घाईत ती अर्धवट उठून नुसत्या हाताने चेंडू भिरकावते, आणि पायांनी करायचे काम त्या लहानशा सांध्याच्या अंगावर पडते.

मोठ्या माणसाच्या खांद्यात याने स्नायू किंवा त्यांच्या कंडरा दुखावतात. वाढत्या वयात मात्र पहिला मार बसतो तो हाडाच्या वाढीच्या पट्टीवर. ही पट्टी कूर्चेची असते, हाडापेक्षा नाजूक. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याकडच्या या पट्टीतून होते. मुलींमध्ये ती साधारण चौदा ते सतरा वर्षांच्या दरम्यान भरून येते, मुलांमध्ये थोडी उशिरा. आपल्या शालेय स्पर्धा चौदा आणि सतरा वर्षांखालील गटांत होतात. म्हणजे ज्या वयात आपण मुलांना जास्तीत जास्त चेंडू फेकायला लावतो, त्याच वयात हा भाग कच्चा असतो. कोपराच्या आतल्या बाजूलाही अशीच नाजूक जागा आहे.

तेव्हा कॅचरने फेकायचे कसे? क्रीडाशिक्षकांना यातले बरेच ठाऊक असते, तरी पालकांना कळावे म्हणून सांगतो. उजव्या हाताने फेकणाऱ्या मुलीसाठी हे वर्णन आहे. डावखुरीने पाय आणि बाजू उलट धराव्यात.

पहिली गोष्ट पायांची. चेंडू ग्लोव्हमध्ये येताच उजवा पाय शरीराखाली लहानसा पुढे सरकवायचा, असा की घोट्याची आतली बाजू दुसऱ्या बेसकडे होईल. त्याबरोबर डावा खांदा आपोआप बेसकडे वळतो. मग डावे पाऊल थेट बेसच्या दिशेने टाकायचे. उडी नको, दोनाची तीन पावले नकोत. आणि ताठ उभे राहण्यात वेळ घालवायचा नाही, गुडघे थोडे वाकलेलेच राहू द्यायचे.

दुसरी गोष्ट हातांची. ग्लोव्ह उजव्या कानाकडे आणायचा आणि छातीजवळ चेंडू दुसऱ्या हातात घ्यायचा. बोटे शिवणीला आडवी पडली म्हणजे चेंडू सरळ जातो. हात लहान असेल तर दोनाऐवजी तीन बोटे वापरावीत. हात खाली नेऊन मागून मोठे वर्तुळ काढण्याची गरज नाही. फेकताना कोपर खांद्याच्या पातळीच्या खाली पडू देऊ नये. कोपर पडले की चेंडू ढकलला जातो आणि ताण कोपराच्या आतल्या बाजूवर येतो. थकव्याचीही हीच पहिली खूण आहे. सामन्याच्या शेवटी मुलीचे कोपर खाली येऊ लागले की तिला विश्रांती द्यावी.

तिसरी गोष्ट चेंडू सुटल्यानंतरची. हात तिथेच झटक्याने थांबवायचा नाही. तो डाव्या मांडीकडे जाऊ द्यायचा आणि उजवा पाय पुढे येऊ द्यायचा. धावत्या गाडीला एकदम ब्रेक लावल्यावर जे होते तेच झटक्याने थांबवलेल्या खांद्यात होते.

गुडघ्यावर बसूनच दुसऱ्या बेसवर चेंडू मारण्याची करामत मोठे खेळाडू करतात. मुले ती टीव्हीवर किंवा मोबाईलवर पाहतात आणि मैदानावर करून बघतात. वाढत्या वयात ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात पायांचा वाटा फारच थोडा उरतो आणि बहुतेक भार हातावर जातो.

हे सगळे शिकायला महागडे साहित्य लागत नाही. रोज दहा मिनिटे चेंडूशिवाय नुसती पावले करावीत, मग भिंतीवर हळू चेंडू मारून हातांची अदलाबदल करावी. मोबाईलमधल्या घड्याळाने ग्लोव्हपासून ग्लोव्हपर्यंतचा वेळ मोजावा. जोर न वाढवता वेळ कमी होताना दिसला की मुलांचाही विश्वास बसतो. मात्र पूर्ण ताकदीने फेकण्याआधी थोडे धावून अंग गरम करावे आणि जवळच्या अंतरापासून हळूहळू लांब जावे.

आता माझा मुख्य आक्षेप. पिचरने किती चेंडू टाकले हे निदान कोणीतरी मोजते, कॅचरचे कोणीच मोजत नाही. वास्तविक धावक पळाली तरच कॅचर फेकते असे नाही. पिचरने टाकलेला आणि फलंदाजाने न मारलेला जवळजवळ प्रत्येक चेंडू तिला परत फेकावा लागतो, तोही बहुधा बसल्या बसल्या, आळसटलेल्या हाताने. सात डावांत दर डावाला दहा धरले तरी सत्तर होतात. स्पर्धेत एका दिवशी दोन सामने झाले आणि सकाळी सराव असला तर आकडा दोनशेच्या घरात जातो. अमेरिकेत लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेने २००७ पासून वयानुसार पिचरच्या चेंडूंवर मर्यादा घातली. तिथे एका सामन्यात ४१ किंवा अधिक चेंडू टाकलेल्या पिचरला त्या दिवशी पुढे कॅचर होता येत नाही आणि चार डाव कॅचर राहिलेल्या मुलाला त्या दिवशी पिचर होता येत नाही. कॅचरचा हातही थकतो, हे त्या नियमाने मान्य केले आहे. आपल्या शाळांना त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायचे कारण नाही. एक वही, एक पेन्सिल आणि राखीव खेळाडूंपैकी एक मूल पुरे.

यावर एका क्रीडाशिक्षकांनी मला सांगितले, "डॉक्टर, शाळेत मास्क आणि पॅडचा संच एकच. दुसरी कॅचर तयार करू कशी?" त्यांची अडचण खरी आहे, शिक्षक एक आणि खेळ दहा. पण संच एक असला तरी तो दोघींना आलटून पालटून घालता येतो. एकाच मुलीवर सगळा संघ उभा केला आणि तिचा खांदा गेला, तर संघही गेलाच.

पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे. फेकताना दंडाच्या वरच्या भागात किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दुखत असेल, कोपर पूर्ण सरळ होत नसेल, सूज असेल, रात्री ठणका लागत असेल किंवा चेंडूचा वेग आणि नेम अचानक घटला असेल, तर फेकणे त्याच दिवशी थांबवावे आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. तिथे मालिश करू नये. वेदनाशामक गोळी घेऊन तर अजिबात खेळू नये. वेळीच थांबले तर बहुतेक मुले केवळ विश्रांतीने आणि नंतरच्या व्यायामाने पूर्ण बरी होतात. दुखणे अंगावर काढले तर मात्र हाडाच्या वाढीत कायमचा दोष राहू शकतो.

ती मुलगी विभागीय सामने खेळली नाही. तीन महिन्यांनी एक्स-रे समाधानकारक आला, तेव्हा तिला आधी महिनाभर फक्त पावले करायला लावली. मग हळूहळू चेंडू हातात दिला. यंदा ती पुन्हा संघात आहे. परवा सर्दीसाठी आली तेव्हा मी खांद्याचे विचारले. म्हणाली, "डॉक्टरकाका, आता पाय दुखतात!" मी म्हटले, "बाळ, दुखू देत. चार दिवसांत थांबतील."