वस्तीवरील कुत्रा आणि आपली माया

आपल्या शिरूर-दौंड भागांत कुत्र्यावांचून वस्ती सहसा आढळावयाची नाहीं. गांवठाण सोडून मळ्यांत राहावयास गेलेल्या कुटुंबाचें घर पुरतें उभें राहिलेलें नसतें, तोंच कुत्रें दारांत आलेलें असतें. त्यास कोणी विकत आणीत नाहीं. शेजारच्या वस्तीवरून पिलूं उचलून आणावें, मुलांनीं त्यास मोत्या किंवा राजा म्हणावें, आणि पंधरा दिवसांत तें घरचें होऊन जावें, असा हा बिनपैशाचा व्यवहार आहे. ही माया आपल्याकडे जुनी आहे. जेजुरीच्या खंडोबापाशीं कुत्रा असतो, आणि त्याचे वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवून कोटंब्यांतील प्रसाद तोंडानें खातात. साताऱ्याजवळ संगम माहुलीस थोरल्या शाहू महाराजांच्या समाधीपाशीं त्यांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याचें दगडी स्मारक आहे. त्यानें महाराजांस वाघापासून वांचविलें व महाराजांनीं त्यास पालखीचा मान दिला, असें सांगतात.

परंतु सरकारी कागदांत मात्र वस्तीवरच्या कुत्र्यास जागा नाहीं. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत कारकुनी केली आहे. एका पुराच्या वर्षीं भीमेच्या कांठीं दौंड तालुक्यांत मी पंचनाम्याच्या कामावर होतों. एका पडक्या घरापुढें बसलेली म्हातारी सांगूं लागली, "दोन शेळ्या, सात कोंबड्या, आन् माझा काळू." काळू कोण, असें विचारतां तो कुत्रा निघाला. मीं म्हटलें, "आजी, कुत्र्याला रकाना नाहीं." ती म्हणाली, "रकाना नसंल तर नुसतं नांव लिवा." मीं तें लिहिलें नाहीं. उन्ह झालें होतें, आणि पुढें पुष्कळ घरें राहिलीं होतीं.

नियमाप्रमाणें माझें कांहींच चुकलें नव्हतें. सन २०२२ ते २०२६ या काळासाठीं आपत्तींतील मदतीचे जे निकष ठरले, त्यांत दुधाळ गाय-म्हशीस ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलास ३२,०००, शेळी-मेंढीस ४,००० आणि कोंबडीस देखील १०० रुपये आहेत. कुत्रा नाहीं. वन्य श्वापदानें जनावर मारलें असतां वन खातें जी भरपाई देतें तीही गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी यांची. कुत्र्याचे पैसे मिळावेत असें माझें म्हणणें नाहीं. तशी भरपाई ठरली तर पंचनाम्याच्या दिवशीं गांवांत कुत्रीं किती वाढतील, हें पंचनामे लिहिलेल्या माणसास सांगावयास नको. माझें म्हणणें सरकारास उद्देशून नसून तुम्हां-आम्हांस उद्देशून आहे.

चासकमान आणि कुकडीच्या पाण्यानें शिरूर तालुक्यांत ऊंस आला, आणि उंसाबरोबर बिबट्या आला. उंसांतच तो वितो व वाढतो. दौंडकडे भीमेच्या कांठींही तीच गोष्ट. सन २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पिंपरखेड-जांबूतच्या बाजूस थोड्याच दिवसांत तीन माणसें बळी पडलीं. त्यांत दोन लहान मुलें होतीं. त्यानंतर तेथील बायामाणसें गळ्यांत खिळ्यांचे पट्टे घालून शेतांत जाऊं लागलीं. अशा पट्ट्या पशुपालक लोक आपल्या कुत्र्यांच्या गळ्यांत घालीत आले आहेत, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस तें पाहून काय वाटलें असेल!

आमचा मोत्या त्याच्याही आधीं गेला. आमच्या गोठ्यास जाळी बसविलेली होती आणि शेळ्या आंत कडी लावून होत्या. मोत्या बाहेर कडब्याच्या गंजीपाशीं साखळीनें बांधलेला असे. राखणीचा कुत्रा बाहेरच असावयाचा, अशी माझी समजूत. पहांटे साखळी ताणलेली दिसली व तिच्या टोंकास तुटका पट्टा होता. घरांत त्या दिवशीं कोणी जेवलें नाहीं. सायंकाळीं घरची मंडळी एवढेंच म्हणाली, "शेळ्या आंत होत्या, मग त्यालाच का बाहेर बांधलं?" मजजवळ उत्तर नव्हतें. मोकळा असता तर पळाला तरी असता.

पुढें माझ्या वाचनांत एक माहिती आली. अकोले तालुक्यांत विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिबट्याची विष्ठा तपासून त्याचें खाणें काय तें पाहिलें. वजनाच्या मानानें त्याच्या खाण्यांत ८७ टक्के पाळीव जनावरें निघालीं. एकूण खाण्यांत एकट्या कुत्र्यांचा वांटा ३९ टक्के, आणि शेळ्यांचा अवघा ११. वास्तविक त्या मुलुखांत शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या! शेळी रात्रीं कोंडलेली असते आणि दिवसां तिच्यामागें माणूस असतो. कुत्रा उघडा असतो. म्हणजे ज्याच्यावर आपण माया करतों म्हणतों, त्यास आपण वाघरांतल्या आमिषासारखें दारांत बांधून ठेवतों. आणि तें आमिष बिबट्यास ज्या अंगणांत आणतें, त्याच अंगणांत आपलीं मुलें पहांटे उठून बाहेर येतात.

कित्येक म्हणतात, कुत्रा आंत घेतला तर भुंकेल कोण? अहो, कुत्रा कानांनीं व नाकानें राखण करतो. त्यासाठीं तो वाऱ्यावर उघडा असण्याची गरज नाहीं. आमचा हल्लींचा कुत्रा गोठ्यांतून भुंकतो व तें घरांत चांगलें ऐकूं येतें. दुसरे म्हणतात, शेळ्या बुजतात. चार दिवस बुजतात खऱ्या; पिलूंपणापासून सोबत ठेविल्यास तितक्याही बुजत नाहींत. कुत्र्यास दर वर्षीं पिसाळरोगाची लस मात्र टोंचून घेतली पाहिजे. ज्यास गोठ्यांत जागा नसेल त्यानें भिंतीस लागून वेगळी खोपट करावी. तिला वरून पत्रा व तिन्ही बाजूंनीं जाड तारेची जाळी असावी. जाळी जमिनींत हातभर पुरावी आणि कडी बाहेरून लागणारी असावी. कोंबड्यांची पातळ जाळी उपयोगाची नाहीं. दिवस मावळतांना शेळ्यांबरोबर कुत्राही आंत, असा नेम ठेवावा. साखळी मुळींच लावूं नये.

आम्हीं सहा फूट लांब व चार फूट रुंद अशी एक खोपट गोठ्याच्या आंतल्या कोपऱ्यांत केली आहे. पत्रा जुनाच वापरला. नवें पिलूं काळें आहे, म्हणून नातवंडें त्यास निराळें नांव ठेवीत होतीं. मीं काळू ठेवविलें. रात्रीं निजण्यापूर्वीं कडी कोण पाहातें, तर घरची मंडळी. माझ्यावर तें काम सोंपवीत नाहींत. ज्या सभासदांस मापें पाहावयाचीं असतील त्यांनीं दिवस मावळण्याच्या आंत केव्हांही यावें.