आजीची साक्ष का चालत नाही?



राहू बेटात ऊस उभा आहे, गुऱ्हाळं चालू आहेत. या उसाच्या कडेला, गावाबाहेर, काही फासेपारधी कुटुंबं राहतात. रात्री शेताची राखण त्यांची. सकाळी कुठे चोरी झाली की पहिली झडतीही त्यांचीच.

यातल्या एका मुलीला शिकायचं आहे. त्यासाठी अनुसूचित जमातीचा दाखला हवा. तिची आई नवऱ्याने टाकलेली. आम्ही दोघींनी कचेरीच्या पाच फेऱ्या घातल्या. उत्तर एकच : ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, बापाच्या घराण्याचा वास्तव्याचा पुरावा आणा. परतताना ती मला म्हणाली, "ताई, बाप दारात न्हाई, त्याचा आजा कुठनं आणू?"

मी एम.एस.डब्ल्यू. आहे. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. उत्तर होतं तिच्या आजीकडे. कोणत्या ओढ्याला तितरासाठी फासे लावायचे, तिच्या बापाने कुणाची शेतं राखली, १९७२ च्या दुष्काळात खडी कुठे फोडली, आईला पोलीस-पाटलाकडे हजेरी कशी द्यावी लागे, सारं ती गावानिशी सांगत होती. मी वहीत उतरवत गेले. कचेरीला मात्र ही वही चालत नाही.

आता हा न्याय पाहा. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ नंतर तो देशभर लागू झाला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो देशातून पुरता गेला. तोवर ज्या जमातींच्या हजेऱ्या सरकारने मांडल्या, त्यांनाच सरकार आता विचारतं, तुम्ही इथे होतात कशावरून? जातीचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याचीच, असं महाराष्ट्राचा २००० सालचा जात पडताळणी कायदा म्हणतो. तेव्हा जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. आता जन्मच सिद्ध करायला लावतात.

दुसऱ्या देशांत राज्यकर्त्यांनी आदिवासींशी निदान करार तरी केले. ते पुष्कळदा मोडले, पण भांडायला कागद राहिला. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या जमातींनी १८५० च्या दशकात जमीन देताना मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. त्याच्याच आधारावर १९७४ साली न्यायालयाने निम्म्या माशांवर त्यांचा हक्क मान्य केला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली बजावलं की तोंडी इतिहासालाही लेखी पुराव्याच्या बरोबरीने तोललं पाहिजे.

पारध्यांशी करार कुणी केला? कुणीच नाही. त्यांच्याशी राज्याचं नातं होतं ते हजेरीचं आणि झडतीचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली. प्राणी वाचले पाहिजेत, हे मलाही मान्य आहे. पण ज्यांचं नावच पारधीवरून पडलं, त्यांना पोटासाठी दुसरं काय दिलं? ऐतिहासिक अन्याय दूर करण्यासाठी आलेल्या २००६ च्या वनहक्क कायद्यानेही पारंपरिक हक्कांतून शिकारीचा हक्क नेमका वगळला.

तरी त्याच कायद्यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. वनजमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. आणि त्याच्या नियमांत गावातल्या वृद्धांचं लेखी उतरवलेलं निवेदन पुरावा म्हणून धरतात. वनजमिनीसाठी आजीचा शब्द चालतो, मग नातीच्या दाखल्यासाठी का नाही?

काही मैत्रिणी म्हणतील, समाजाचा शब्द म्हणजे जातपंचायतीचाच शब्द. नाही. जातपंचायतीत पुरुष बसतात, आणि दंड व दिव्य बाईच्या वाट्याला येतं. मी त्या शब्दाची बाजू घेत नाही. जिचं तिथेही कुणी ऐकत नाही आणि कचेरीतही नाही, त्या आजीचं ऐका, असं मी म्हणते आहे.

आपणही तिचं ऐकलेलं नाही. पारधी वस्तीवर आपण पत्रकं घेऊन जातो, हक्क समजावून सांगतो आणि फोटो काढून परततो. शिकायला किती वेळा गेलो? ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असं पोलिसांना बजावलं. तो खटला एका पत्रकार बाईने लढवला. ते वस्तीत कुणाला ठाऊक आहे? आपल्यातल्या किती जणींना ठाऊक आहे?

म्हणून माझं मागणं सरळ आहे. दाखल्यासाठी अधिकाऱ्यांनी वस्तीवर येऊन गृहचौकशी करावी, वृद्ध बायकांची साक्ष लिहून घ्यावी, आणि टाकलेल्या बाईला नवऱ्याच्या घराण्याच्या कागदांसाठी दारोदार हिंडवू नये. आपण प्रत्येक गटाने आपल्या तालुक्यातल्या एका वस्तीची अशी वही करावी. ती कचेरीने नाकारली तर नाकारल्याचं लेखी मागावं.

मुलगी अजून शाळेबाहेर आहे. सहाव्या फेरीला आजी आमच्यासोबत येणार आहे.