टायटॅनियमची कल्हई

दारावर कल्हईवाला येत असे, ते दिवस आठवणारी माणसे अजून घरोघर आहेत. पितळेचे पातेले तापवायचे, नवसागर टाकून आतून घासून घ्यायचे आणि मगच कथील फिरवायचे. भांडे निर्मळ झाले नाही, तर कथील धरतच नसे. टायटॅनियमवर मुलामा चढवण्याची आधुनिक विद्या पाहिली, की मला हीच जुनी रीत आठवते.

विमानात, चष्म्याच्या फ्रेममध्ये, आजीच्या कृत्रिम खुब्यात हा धातू असतो. पोलादाहून सुमारे ४० टक्के हलका. शिवाय गंजत नाही. मग त्याला मुलामा कशाला? कारण घर्षण त्याला सोसत नाही. दुसऱ्या धातूवर घासला गेला की तो चिकटतो, ओरबाडला जातो. म्हणूनच खुब्याचा दांडा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असला, तरी त्यावरचा गोळा सहसा कोबाल्ट-क्रोमचा किंवा सिरॅमिकचा असतो. यंत्रातल्या भागांवर मात्र विजेच्या साहाय्याने निकेल वा क्रोमियमचा थर चढवता येतो.

अडचण अशी, की त्याला गंजू न देणारा ऑक्साइडचा अदृश्य पापुद्राच मुलाम्याला धरू देत नाही. तो काढला, तरी हवा लागताच पुन्हा धरतो. त्यामुळे मुलाम्यापेक्षा पूर्वतयारीच अवघड. आणि तिच्यात बहुधा हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते.

हे आम्ल मोठे कपटी. सौम्य द्रावण अंगावर उडाले, तर लगेच आग होईलच असे नाही. वेदना कित्येक तासांनी सुरू होते. तोवर ते त्वचेतून आत शिरून शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते. भाजणे मोठे असेल, तर हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होऊन जीव जाऊ शकतो. उपाय ठाऊक आहे: ताबडतोब भरपूर पाण्याने धुणे, कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम चोळणे आणि विनाविलंब रुग्णालय गाठणे.

माझे म्हणणे एवढेच, की ज्या शेडमध्ये या आम्लाचा कॅन येतो, तिथे हे मलम त्याच्या आधी पोचले पाहिजे. ते कुठे ठेवले आहे, हे टाकीपाशी उभ्या असलेल्या कंत्राटी पोरालाही माहीत हवे, आणि त्याच्या मराठीत किंवा हिंदीत समजावलेले हवे. भिंतीवरच्या इंग्रजी पाटीने हे काम होत नाही. सुट्या भागाचा थर तपासून घेणाऱ्या बड्या ग्राहकांनी एवढेही तपासावे. भागाची झीज वाचवताना माणसाचा हात का जावा?