माझे पाच रुपये कुठवर गेले?

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी एकलहरे नावाचे गाव आहे. तेथील औष्णिक वीजकेंद्राची उंच धुराडी फार दुरून दृष्टीस पडतात. त्या केंद्राच्या वसाहतीत माझे बालपण गेले. आम्ही सातवीत असताना आम्हां मुलांच्या मनात एक कल्पना आली. दिंडोरीच्या बाजूस एक लहानशी शाळा होती आणि तेथील मुलांना वाचावयास पुस्तके नव्हती. सायकलींवरून तीन दिवसांची फेरी काढावी, तिच्यासाठी वर्गणी जमवावी आणि त्या शाळेला पुस्तके घेऊन द्यावीत, असे आम्ही ठरविले.

आमच्या उत्साहाला उधाण आले. घरोघर फिरून आम्ही १२०० रुपये जमविले. वसाहतीच्या फाटकापाशी एक आजी भाजी घेऊन बसत. त्यांनीही कनवटीची पाच रुपयांची नोट काढून आमच्या हाती ठेवली. त्या काळी पाच रुपये म्हणजे त्यांची दिवसभराची कमाई असावी. पुढे फेरी थाटात पार पडली. एकसारखे सदरे, मोठा फलक, हारतुरे, सामानासाठी टेंपो, वाटेत गोडधोड, कशाचीही उणीव नव्हती. परतल्यावर आजींनी आम्हांला हाक मारून विचारले, “काय रे पोरांनो, माझे पाच रुपये कुठवर गेले?”

आम्ही वही उघडली. सदऱ्यांना ३४० रुपये, फलक व हारतुऱ्यांना ११०, टेंपोला २०० आणि खाण्यापिण्याला १२० रुपये खर्च झाले होते. पुस्तकांसाठी उरले होते ४३०. आजींच्या पाच रुपयांपैकी दोन रुपयेसुद्धा शाळेपर्यंत पोचले नव्हते! कोणी चोरी केली नव्हती, कोणी खोटे बोलले नव्हते. तरीही आजींच्या डोळ्यांना डोळा देण्याचे धैर्य आम्हांपैकी एकालाही झाले नाही.

बालमित्रांनो, ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, दुसऱ्यांच्या मदतीसाठी सायकलफेरी काढण्याची इच्छा आज अनेक मुलांना होते, आणि ती इच्छा उत्तम आहे. परंतु अशा फेरीची आखणी करताना एक तत्त्व कधीही विसरू नये, असे माझे मत आहे. प्रवास आपला असतो, पैसा आपला नसतो. म्हणून प्रवासाचा खर्च प्रवाशांनी सोसावा आणि मिळालेले दान पुरतेपणी त्याच्या धन्याकडे पोचवावे. दानाचा धनी तो, ज्याच्यासाठी ते मागितले. आपण केवळ त्याचे हमाल!

हे तत्त्व मान्य केले की आखणीची दिशाच पालटते. आम्ही आरंभ केला तो सदऱ्यांच्या रंगापासून. वास्तविक आरंभ करावयास हवा तो ज्याला मदत द्यावयाची त्याच्या दारापासून. त्याला काय हवे आहे हे प्रथम त्यालाच विचारावे. ज्या शाळेत पावसाळ्यात छप्पर गळते, तिला पुस्तकांच्या आधी कौले हवी असतील. न विचारता दिलेली मदत पुष्कळदा देणाऱ्याच्या समाधानापुरती असते.

त्यानंतर मार्ग ठरवावा. आणि तो सर्वांत बलवान मुलाकडे पाहून नव्हे, तर सर्वांत हळू चालविणाऱ्या मुलाकडे पाहून ठरवावा. एकलहऱ्याहून दिंडोरीपर्यंत सुमारे ४० किलोमीटरांची वाट आहे. तुमच्या वयाच्या मुलांना एका दिवसासाठी तेवढी वाट पुरे. पेठच्या वाटेला लागाल तर सावळघाट चढावा लागेल. तेथे तितकेच अंतर दुप्पट वाटेल. उजाडताच निघावे आणि ऊन तापण्यापूर्वी मुक्काम गाठावा. एका रांगेत जावे. पुढे एक जाणता मनुष्य असावा आणि सर्वांत शेवटी दुसरा. त्या शेवटच्या माणसाच्या मागे कोणीही राहू नये. त्र्यंबकेश्वराहून संत निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी पायी पंढरपुरास जाते. तिच्याबरोबर म्हातारी माणसेही शेकडो किलोमीटर चालतात, कारण दिंडीत कोणी कोणाला मागे टाकीत नाही. अलीकडे नाशिकचे सायकलस्वारही दरवर्षी सायकलवारी करून पंढरपूर गाठतात. सामुदायिक प्रवासाचे हे शिक्षण आपल्या घराजवळच उपलब्ध आहे.

आता रस्त्यांवर रहदारी फार वाढली आहे. म्हणून डोक्यावर शिरस्त्राण, सायकलीला नीट लागणारे ब्रेक, बरोबर शिक्षक व पालक आणि घरच्यांची लेखी संमती यांवाचून निघूच नये. हवा भरण्याचा पंप, पाने, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि औषधांची पेटी जवळ असावी. पंक्चर काढणे प्रत्येकाने घरीच शिकून घ्यावे. मुक्कामाच्या गावी आगाऊ पत्र पाठवून शाळेत उतरण्याची परवानगी मागावी. पिठले-भाकरी गोड मानावी. बरोबर गाडी हवीच असेल, तर तिचा खर्चही आपणच वाटून घ्यावा.

येथे कोणी विचारील, “एवढा खटाटोप कशाला? प्रत्येकाने आपल्या खाऊचे पैसे शाळेला पाठवून दिले, तर काम भागणार नाही काय?” हा प्रश्न योग्य आहे. सायकल चालविल्याने कोणाच्या शाळेवर कौले चढत नाहीत, हे खरेच आहे. परंतु माझ्या मते दोन कारणांसाठी असा प्रवास करावा. एक म्हणजे, मनुष्य स्वतः कष्ट घेऊन मागू लागला की ऐकणारा थांबतो. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरांची सायकलशर्यत दोघांनी मिळून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. एकाने चालवावे, दुसऱ्याने विसावा घ्यावा, असा त्यांचा क्रम होता. आदिवासी बांधवांच्या डोळ्यांच्या उपचारांचा प्रश्न त्यांनी त्या शर्यतीशी जोडला. त्यांच्या चमूच्या नावातच तो होता. ज्यांनी आदिवासी पाडा कधी पाहिला नाही, त्यांच्याही कानी त्यामुळे ही गोष्ट गेली.

दुसरे कारण याहून मोठे आहे. मनिऑर्डर किंवा बँकेतून पाठविलेला पैसा जातो, पण आपण जात नाही. सायकल संथ चालते, गावोगाव थांबते. १९८५ साली बाबा आमटे यांनी कन्याकुमारीपासून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली. तिच्यात शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होत्या. मणक्याच्या विकारामुळे स्वतः बाबांना मोटारीत पडून प्रवास करावा लागे, तरी ते बरोबर होते. त्या यात्रेचा हेतू पैसा जमविणे हा नव्हता, माणसे जोडणे हा होता. ज्यांना आपण मदत करतो, त्यांच्या अंगणात बसून त्यांच्याशी बोललो, म्हणजे ते आपल्याला दीनवाणे वाटत नाहीत. आपल्यासारखेच वाटू लागतात. हा लाभ घरी बसून होणार नाही.

राहिला हिशेब. पावतीपुस्तकावर क्रमांक असावेत. पैसे दोघांनी मिळून मोजावेत आणि शिक्षकांच्या स्वाधीन करावेत. परतल्यावर सर्व हिशेब शाळेत मोठ्याने वाचून दाखवावा. रक्कम लहान असली तर लाजू नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेला खेड्यापाड्यांतील बायका मूठमूठ धान्य देत. जात्यावर बसण्यापूर्वी एक मूठ बाजूला ठेवावयाची, अशा त्या मुष्टिफंडातून गरीब मुलांच्या वसतिगृहांतील चुली पेटल्या. मूठ लहान असते; पण ती देणारीचा विश्वास लहान नसतो. तो एकदा मोडला तर पुढच्या वर्षी तुम्हांलाच नव्हे, खरोखर गरजू असलेल्यालाही ते दार बंद होते. आमची चूक केवळ ७७० रुपयांची नव्हती, ती एवढी मोठी होती.

पुढल्या वर्षी आम्ही पुन्हा निघालो. जुनेच सदरे घातले. निम्म्या सायकली भाड्याच्या होत्या. त्यांचे भाडे आम्ही खाऊच्या पैशांतून भरले. शिदोरी घरून नेली. या खेपेस वर्गणी निम्मीच मिळाली, आणि ते साहजिकच होते. पण ती सर्व शाळेच्या गुरुजींच्या हाती पोचली. परतताना वीजकेंद्राची धुराडी दिसू लागली, तेव्हा पायांत बळ उरले नव्हते, तरी आम्ही वसाहतीच्या फाटकापाशी येऊन थांबलो. आजी मेथीच्या जुड्या बांधीत होत्या. त्यांनी विचारण्यापूर्वीच आम्ही त्यांच्यापुढे वही धरली. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून आमच्यातील एका मुलीने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हिशेब वाचून दाखविला. आजींनी तो हातातले काम थांबवून ऐकला आणि म्हणाल्या, “बरं झालं. पुढल्या वर्षी आठवणीनं या.”