पटकीचे उसने विष

आमच्या भिवंडीत यंत्रमागाची पाळी सुटली की औषधांच्या दुकानांवर गर्दी होते. ‘ढाळ लागलेत, काहीतरी स्ट्राँग द्या,’ असे म्हणणाऱ्या कामगाराच्या हाती दोन-चार गोळ्या पडतात. पूर्ण पट्टी परवडत नाही आणि एका दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ खाली काही जालीम प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने वहीत ठेवणे सक्तीचे आहे. वहीतली नोंद आणि प्रत्यक्ष व्यवहार यांच्यात किती अंतर असू शकते, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला वेगळे सांगायला नको. परंतु अशा अर्ध्यामुर्ध्या गोळ्यांनी पोटातल्या जिवाणूंमध्ये काय उलाढाल होऊ शकते, हे समजून घ्यायचे तर भिवंडीवरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्याने आग्र्याला आणि सव्वाशेहून अधिक वर्षे मागे जायला हवे.

आग्र्यातील अर्नेस्ट हॅन्किन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ साली प्रसिद्ध केले, की गंगा-यमुनेच्या पाण्यात टाकलेले पटकीचे जंतू काही तासांत मरतात आणि पाणी उकळले की त्याचा हा गुण जातो. (ज्यांच्या देवघरात गंगेचा गडू आहे, त्यांनी लगेच हरखून जाऊ नये, पटकी त्याच नद्यांच्या काठानेही पसरत होती.) पुढे १९१५ मध्ये ट्वॉर्ट आणि १९१७ मध्ये डेरेल यांनी जिवाणूंना मारणारे विषाणू शोधले. डेरेल यांनी त्यांना ‘बॅक्टेरियोफाज’, म्हणजे जिवाणूभक्षक, असे नाव दिले. हॅन्किन यांच्या पाण्यातही तेच असावेत, असे अनेकजण मानतात.

हा भक्षक नेहमी भक्षणच करतो असे नाही. काही फाज जिवाणूच्या जनुकांमध्ये पोटभाडेकरूसारखे निमूट राहतात आणि जिवाणूची वंशवेल वाढते तसे आपणही वाढतात. घर सोडून निघताना कधी मालकाचे एखाद-दुसरे भांडेही उचलतात आणि पुढच्या घरी नेऊन ठेवतात. विषाणू एका जिवाणूची जनुके दुसऱ्यात नेतात, हे झिंडर आणि लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले. घटसर्पाचे विष फाजमुळे येते, हे त्याआधीच, १९५१ मध्ये, उघड झाले होते.

पटकीची कथा तर याहून विलक्षण. आपल्या खेड्यांनी मरीआईचे गाडे गावाच्या शिवेबाहेर ढकलले, पंढरीच्या वारकऱ्यांनी दंडावर लस टोचून घेतली, ती ज्या रोगाच्या भयाने, त्याचे मर्म म्हणजे एक विष. ते कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवले. आणि १९९६ मध्ये अमेरिकेत वॉल्डर आणि मेकॅलॅनोस यांना आढळले, की ते विष बनवणारी जनुके जिवाणूच्या घरची नव्हेतच. ती एका फाजने आणून ठेवली आहेत. शतकानुशतके माणसे मारणारा हा जंतू उसन्या हत्याराने लढत होता!

ही देवघेव आजही थांबलेली नाही. २०११ मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून एक ई-कोलाय जिवाणू पसरला आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. आमांशाच्या जंतूकडे असते तसले विष त्याला एका फाजने दिले होते.

आता त्या दोन-चार गोळ्यांकडे वळू. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे औषध जिवाणूच्या डीएनएवर घाव घालते. घर पडायला आले, हे निजलेल्या फाजला कळते. तो जागा होतो, आपल्या असंख्य प्रती काढून बाहेर पडतो. या औषधाने ई-कोलायमधील विषवाहक फाज जागे होतात आणि विषही वाढते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. औषधाला दाद न देण्याची जनुके मुख्यतः प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या वेटोळ्यांतून फिरतात, पण त्या वाहतुकीत फाजचाही हात आहे.

प्रतिजैविके निकामी होऊ लागल्याने आज फाजनेच उपचार करण्याची चर्चा पुन्हा सुरू आहे. जॉर्जियातील तिबिलिसीची संस्था १९२३ पासून हेच काम करते. मला त्यात आशा वाटते, पण बाटलीत भरायचे फाज केवळ मारणारेच हवेत, पोटभाडेकरू नकोत, आणि त्यांची जनुके आधी वाचून घ्यायला हवीत. आपल्याकडे ही तपासणी कोण करणार, हा प्रश्न मात्र मला बेचैन करतो.

साध्या ढाळांना बहुधा प्रतिजैविक लागतही नाही. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर पटकीचे रोगी वाचवले. या पाण्याने कुठलाही निजलेला विषाणू जागा होत नाही. ते पाणी स्वच्छ मात्र हवे, आणि आमच्याकडे कितीतरी वस्त्यांत पिण्याच्या पाण्याची नळी उघड्या गटारातूनच घरात येते.