सिकलसेलच्या यादीत न विचारलेला प्रश्न

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांत ‘एएस’ आणि ‘एसएस’ ही अक्षरे आता नवी राहिलेली नाहीत. एसएस म्हणजे सिकलसेलचा रुग्ण आणि एएस म्हणजे वाहक. वाहकाला आरोग्य कर्मचारी सांगतात, तुला आजार नाही, फक्त लग्न जमवताना समोरच्याचीही तपासणी करून घे. सल्ला योग्यच आहे. पण वाहकांच्या बाबतीत वैद्यकशास्त्राला तीस वर्षांपासून ठाऊक असलेली एक दुर्मीळ गोष्ट त्यात येत नाही, आणि संशोधनाचा पैसा कुठे जातो हे पाहिले तर ती लवकर येईल असेही दिसत नाही.

१९९५ मध्ये अमेरिकेच्या आर्म्ड फोर्सेस इन्स्टिट्यूट ऑफ पॅथॉलॉजीतील डेव्हिस, मोस्तोफी आणि सेस्टरहेन यांनी मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा एक वेगळाच प्रकार मांडला. त्यांच्याकडे बावीस वर्षांत जमलेले तीसहून अधिक रुग्णांचे नमुने होते. रुग्ण तरुण, काही तर शाळकरी वयाचे, आणि जवळपास सगळेच सिकलसेलचे वाहक! या आजाराला रीनल मेड्युलरी कार्सिनोमा म्हणतात. मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात प्राणवायू कमी, क्षार आणि आम्लता जास्त. एरवी धडधाकट राहणाऱ्या वाहकाच्या तांबड्या पेशीही तिथे विळ्यासारख्या वाकतात. त्यामुळे काहींच्या लघवीतून अधूनमधून रक्त जाते. बहुतेकांचे दुखणे तेवढ्यावरच थांबते, पण अगदी मोजक्यांना हा कर्करोग होतो. निदान होते तेव्हा तो बहुधा पसरलेला असतो आणि उपचारानंतरचे आयुष्य सरासरी वर्षाच्या थोडेच पुढे जाते.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. अमेरिकेतल्या अंदाजानुसार वीस ते चाळीस हजार वाहकांत एखाद्यालाच हा आजार होतो.

तरीही नंदुरबारसाठी हा प्रश्न बाजूला टाकण्यासारखा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या साडेसोळा लाख लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के आदिवासी आहेत. पुढे पद्मश्रीने गौरवले गेलेले डॉ. सुदाम काटे यांनी हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळातर्फे वर्षानुवर्षे सातपुड्यात सिकलसेलचे काम केले. राज्यातल्या भिल्ल, पावरा यांसारख्या काही समूहांत वाहकांचे प्रमाण वीस टक्क्यांच्या वर जाते, हे त्यांच्या पाहण्यांतून पुढे आले. म्हणजे जिल्ह्यात वाहकांची संख्या लाखाच्या घरात असणार. अमेरिकेचे प्रमाण जसेच्या तसे लावले तर रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भरतील.

पण ते प्रमाण इथे लागू होते का? भारतातून या कर्करोगाचे मोजकेच रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. आपल्याकडचा सिकल जनुक ‘अरब-भारतीय’ वळणाचा. अनेक आदिवासींमध्ये त्याच्या जोडीला अल्फा थॅलेसेमियाही असतो, आणि तो असला की वाहकाच्या रक्तातले सिकल हिमोग्लोबिन कमी भरते. त्यामुळे कदाचित इथल्या वाहकांना संरक्षण मिळत असेल. दुसरी शक्यता कमी सुखाची आहे. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या तरुणाला लघवीतून रक्त जाते. मुतखडा समजून त्याला गोळ्या दिल्या जातात. पुढे सुरतेच्या एखाद्या रुग्णालयात गाठ निघते आणि अहवालात नुसते ‘किडनीचा कॅन्सर’ एवढेच लिहिले जाते. तो वाहक आहे, हे तिथल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही.

नेमके निदान महत्त्वाचे, कारण मूत्रपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगावर चालणारी गोळ्यांची औषधे इथे फारशी लागू पडत नाहीत. प्लॅटिनमयुक्त केमोथेरपी द्यावी लागते. निदानाची खूण तशी सोपी आहे. या गाठीच्या पेशी स्मार्क-बी-वन नावाचा जनुक गमावून बसतात. काचपट्टीवर ‘आयएनआय-१’ हा रंग चढवला की शेजारच्या निरोगी पेशींची केंद्रके तपकिरी होतात, गाठीतल्या पेशींची निळीच राहतात.

इथे असे रुग्ण आहेत का, हे शोधायला अवाढव्य पैसा लागत नाही, लागतो तो सुरुवातीचा थोडा पैसा. आणि अडते तेही तिथेच. मोठे अनुदान मागायला गेले की आधीची प्राथमिक माहिती दाखवा म्हणतात, आणि ती गोळा करायला कुणी पैसे देत नाही. अनुभव असल्याशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही, असा हा प्रकार. अमेरिकेने २०१७ मध्ये संरक्षण खात्यामार्फत मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी वेगळा संशोधन कार्यक्रम सुरू केला, तो एक कोटी डॉलरपासून. पुढे ही रक्कम वर्षाला पाच कोटींपर्यंत गेली. फारशी प्राथमिक माहिती हाताशी नसलेल्या कल्पनांसाठीही त्यात छोटी अनुदाने ठेवली होती. आपल्याकडे बायरॅक ही केंद्र सरकारची संस्था ५० लाखांपर्यंतचे ‘इग्निशन’ अनुदान देते, पण त्याचा रोख उद्योग उभारणाऱ्यांकडे असतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कर्करोगावरील कार-टी उपचाराला बायरॅकने रुग्णांवरील चाचणीसाठी १९.१५ कोटी दिले आणि २०२३ मध्ये त्या उपचाराला परवानगी मिळाली. जिल्ह्याच्या ठिकाणचे नवे वैद्यकीय महाविद्यालय अशा रांगेत कुठे उभे राहणार?

नंदुरबारचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये सुरू झाले. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून निघाले, तीन वर्षांत सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट घेऊन. त्या तपासणीतून तयार होणारी यादी हेच संशोधनाचे निम्मे भांडवल आहे. उरलेल्या निम्म्यासाठी एक छोटा बीजनिधी हवा. लघवीतून रक्त जाणाऱ्या प्रत्येक वाहकाची सोनोग्राफी व्हावी. संशयित गाठीचा नमुना नॅशनल कॅन्सर ग्रिडमधल्या प्रयोगशाळेत जावा. तरुणांच्या मूत्रपिंडाच्या गाठींचे जुने नमुने सुरत, धुळे, नाशिक, मुंबईच्या रुग्णालयांतून काढून त्यांवर आयएनआय-१ रंग चढवून पाहावा. निदान पक्के झालेल्या रुग्णाच्या संमतीने गाठीचा तुकडा जपून ठेवावा, म्हणजे औषधे आजमावणाऱ्यांना हाती काहीतरी असेल.

यावर आक्षेप येईल की, जिथे सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आणि सोनोग्राफी वेळेवर मिळायला हव्यात, तिथे इतक्या दुर्मीळ कर्करोगावर खर्च कशाला? आक्षेप रास्त आहे, म्हणून गोळ्यांच्या तरतुदीला हात न लावता वेगळा निधी हवा. सोनोग्राफीची सोय झाली तर तिचा उपयोग मुतखडा, क्षयरोग, गरोदरपण अशा सगळ्यांनाच होईल. सरसकट सगळ्या वाहकांची कर्करोग तपासणी मात्र करू नये. त्यातून हाती काही लागणार नाही, उलट लग्नाच्या बाजारात वाहक मुलींच्या माथी आणखी एक भीती मारली जाईल.

नंदुरबार २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण कामांसाठी तरतूद असते. त्यातून पहिल्या वर्षाचा खर्च उचलला, तर पुढच्या वर्षी आयसीएमआरकडे आकडे घेऊन जाता येईल. अटी दोनच ठेवाव्या लागतील. संमतीपत्र भिली आणि पावरीत समजावून सांगितले जावे, आणि नमुने मुंबईला गेले तरी त्यांची नोंद, निष्कर्ष आणि शोधनिबंधावरचे नाव नंदुरबारच्या महाविद्यालयाकडे राहील, हे अनुदानाच्या करारातच लिहून घ्यावे.