‘बाबाले घेऊन ये’

सायकलच्या दुकानात गिऱ्हाईक कोण? ज्याचे पैसे आणि जो वस्तू वापरणार तो, असे कोणीही सांगेल. पण ब्रह्मपुरीच्या बाजारात नववीतली मुलगी स्वतःच्या खात्यावर आलेले पैसे घेऊन सायकल बघायला जाते, तेव्हा "कोणती पाहिजे?" असे तिला कोणी विचारत नाही. "बाबाले घेऊन ये," असे सांगतात. बाबा येतो. किंमत बाबाला सांगितली जाते, घासाघीस बाबाशी होते, चक्कर मारून बाबा बघतो, पावतीवर नाव बाबाचे पडते. मुलीला रंग तेवढा विचारतात. बाप नसला, दारूत बुडालेला असला किंवा कामाला बाहेरगावी गेलेला असला, तर मामा नाहीतर शेजारचा पोरगा. आई सोबत असली तरी चालत नाही. "तुमाले काय समजते त्यातलं, बाई?"

किशोरी गटांबरोबर काम करताना या तक्रारी मी सतत ऐकते. बैठकीत विषय काढला की मात्र आपल्यातल्याच काही जणी हसतात. मारहाण, दारू, वनहक्काचे दावे हे सगळे समोर असताना सायकलवाल्याचे काय घेऊन बसलीस? माझे भांडण दुकानदाराइतकेच या हसण्याशीही आहे.

मैत्रिणींनो, जरा हिशेब मांडू या. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल त्यांना सायकल, लांबच्यांसाठी निळ्या बसगाड्या, अशी विभागणी. २०२२ साली सायकलीची रक्कम ३५०० वरून ५००० रुपये झाली. पैसे मुलीच्या खात्यावर येतात, पण दोन टप्प्यांत. आधी ३५००, आणि सायकल घेतल्याची पावती शाळेत दिल्यावर उरलेले १५००. म्हणजे रोजंदारीवर जाणाऱ्या घराने हे १५०० आधी कुठून तरी उभे करायचे, सायकल पाच हजारांहून महाग असली तर वरचेही भरायचे, आणि मग दुकानदाराच्या एका कागदावर डोळे लावून बसायचे. सरकारने पैसे मुलीच्या हातात दिले खरे, पण शेवटची किल्ली गल्ल्यावर बसलेल्या माणसाकडे राहिली.

आणि तो ती वापरतो. "पक्कं बिल पाहिजे तर वरचे पैसे पडतील." "बिल संध्याकाळी ने." संध्याकाळी गेले तर "मालक नाही." आमच्या गटातल्या एका मुलीने पावतीसाठी चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला मिळाली ती कोऱ्या चिठोऱ्यावर, ना दुकानाचा शिक्का ना सायकलीचा नंबर. शाळेने अर्थातच ती परत केली. तिच्या आईची दोन दिवसांची मजुरी यात बुडाली, ती कोणत्या योजनेतून भरून निघणार?

हे सगळे बेकायदेशीर आहे, हे आपल्यालाही नीट माहीत नसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे विकलेल्या वस्तूचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा. भिंतीवरची ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी म्हणजे कायदा नव्हे! जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. पण आयोग चंद्रपूरला, इथून शंभर किलोमीटरहून लांब. पंधराशे रुपयांसाठी कोणती आई तिथवर जाईल? म्हणून हे भांडण बाजारपेठेतच, दुकानाच्या पायरीवर करावे लागणार आहे. १९१५ हा ग्राहक मदतीचा फोन आहे. दुकानदारासमोर उभे राहून तो लावला तरी पुष्कळदा आवाज खाली येतो.

आता सायकलीकडे. कारखान्यातून सायकल सुटी-अर्धवट येते, तिची फिटिंग दुकानात होते. ब्रेकचे रबर रिमला किती अंतरावर बसवले, चाक डुगते का, चेन सैल आहे का, हे सगळे दुकानातल्या हातावर असते. समोर बाबा उभा असला आणि तो सायकल चालवणारा असला, तर कारागीर दोनदा चाक फिरवून बघतो. ‘योजनेची सायकल’ म्हटली की पान्याचे दोन फेरे कमीच पडतात. सीटची उंची मुलीला बसवून ठरवली, असे मला आजवर एकाही मुलीने सांगितलेले नाही.

आता हीच चेन कुठे उतरते ते बघा. ब्रह्मपुरी वनविभागात व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर वाघ आहेत, शेताच्या बांधापर्यंत येतात, माणसे मेलेली आहेत. गावातून शाळेला येणारा रस्ता मध्येच झुडपी जंगलातून जातो. मुली घोळक्याने निघतात, अंधार पडायच्या आत परत येतात. घोळक्यातल्या एकीची चेन अडकली की चौघी थांबतात, नाहीतर एकटी मागे राहते. असे दोनदा झाले की घरून निरोप येतो, "बास झाली शाळा." मग शाळागळतीच्या तक्त्यात कारण लिहिले जाते, ‘पालकांची उदासीनता’. सैल बसवलेल्या चेनीचा रकाना त्या तक्त्यात नसतो.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी. संपावर होती. त्या काळात जिच्या घरी चालती सायकल होती ती शाळेत पोचली. सायकलीने काय होते असे विचारणाऱ्यांनी ते महिने आठवावेत.

रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याला मी यात धरत नाही. तोही हातावर पोट असलेला, आणि मुली सांगतात की तो बोलतो तरी नीट. पण तिथेही मुलीने उभे राहणे सोपे नाही. पाचसहा पोरे पानठेल्यासारखी बसलेली असतात, हवा भरायला वाकले की शेरे येतात. म्हणून मुली हवा भरायला भावाला पाठवतात. भावाला वेळ नसतो. सायकल पंधरा दिवस भिंतीला टेकून राहते, आणि मग ती भावाचीच होते.

तमिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१ साली साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ती उचलून धरली. खाणीत दगड फोडणाऱ्या बायका, शेतमजूर, अंगणवाडी सेविका अशा हजारो जणी शिकल्या. दुकानात लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि पुढच्या दांडीवर मूल बसवता येते म्हणून काहींना त्याच जास्त पसंत पडल्या! आपल्याकडे अजून धानाचे पोते, मोहाची टोपली, दुधाचा डबा वाहून नेणारी बाई दुकानात गेली तर तिच्यापुढे समोर जाळीची टोपली आणि मागे नाजूक कॅरिअर असलेली सायकल उभी करतात. भार पेलणारी मागितली की "ती तुमच्यासाठी नाही." बाईचे काम काय, तिचे ओझे किती, हे दुकानदाराने ठरवून टाकलेले असते.

काही जणी म्हणतील, आता स्कूटीचा जमाना आहे. असेल. पेट्रोल कोण घालणार ते सांगा, मग बोलू. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ही घट गिऱ्हाइकाच्या बिलात उतरली का, हे तपासायलाही बिलच लागते.

जूनच्या अखेरीला विदर्भातल्या शाळा उघडतील. त्याआधी ब्रह्मपुरीतल्या प्रत्येक सायकल दुकानात आपण चौघीचौघींनी जायचे, बापांना न घेता. तीन गोष्टी लिहून मागायच्या: मुलीच्या नावाचे शिक्क्याचे बिल त्याच दिवशी, तिने स्वतः चालवून पाहिल्याशिवाय पैसे नाहीत, आणि महिन्यानंतरची पहिली दुरुस्ती मोफत. जो लिहून देईल त्याचे नाव मुख्याध्यापकांना कळवू, जो देणार नाही त्याचेही कळवू. शाळेच्या आवारात महिन्यातून एकदा पाना, पंप, पंक्चरचे सोल्युशन घेऊन बसायचे, आणि चेन चढवायला मुलींनाच लावायचे. पान्यांच्या संचासाठी गटाच्या पेटीतून पैसे काढावेत असा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. ज्यांना हसायचे असेल त्यांनी तेव्हा समोर येऊन हसावे.